नळी मुरते आहे

प्रिय बारके,

आधीच सांगून टाकते, हे पत्र रायफलीबद्दल आहे. पाकीट फोडून तू इथवर वाचलंस म्हणजे आता उशीर झाला, पुढचंही वाच. फोनवर मी हा विषय काढला की तुझ्या दारात लगेच कुणीतरी येतं आणि तू 'ठेवते गं' म्हणून मोकळी होतेस. गेल्या दोन वर्षांत तुझ्या दारात आलेली माणसं मोजली तर एखाद्या दवाखान्याबाहेर तेवढी रांग निघेल. पत्राला असं गप्प करता येत नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, कारण फार वेळ वाचलं की तुझा डोळा दुखतो. बघ, डोळा म्हणाले. आपल्याकडे सगळे 'ते झालं तेव्हापासून' असं काहीतरी पुटपुटतात. तुझा उजवा डोळा गेला आणि तू नेमबाजी सोडलीस, एवढं साधं वाक्य आहे, आणि ते लिहिल्याने छत काही अंगावर पडलं नाही. भीती मला एकाच गोष्टीची आहे, की हे वाचून तू रागावशील आणि रविवारचे आपले दोन शब्दही बंद होतील. तरी लिहिते आहे, कारण पोटात मावत नाही.

तर बातमी अशी की मी रायफल घेतली. मी! तुझी ताई, पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवणारी, जिने इतकी वर्षं तुझ्या मागे आडवं पडून एकनळी दुर्बिणीतून वारा बघून तुला सांगितला आणि स्वतः एक गोळी कधी झाडली नाही. नवी कोरी आहे, बोल्टची, दर गोळीला खिट्टी हाताने ओढायची, जाड नळीची, लांबच्या नेमासाठीच केलेली. परवान्याचे सगळे सोपस्कार आटोपून ती घरी यायची होती त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं. एका बाईंचे पडदे द्यायचे होते, त्यांना सांगितलं की घरी पाहुणी यायची आहे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. पेटी दारात यायच्या आधीच मी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून, पाने आणि पेचकस ओळीने मांडून, चष्मा पुसून तयार. तुझे भावोजी बघत होते. म्हणाले, एवढी तयारी तू माझ्यासाठीसुद्धा कधी केली नाहीस. मी म्हटलं, तुम्ही कुठे पेटीतून आलात.

हे वेड डोक्यात शिरलं कसं ते ऐक. मागच्या थंडीत मी रेंजवर गेले होते ती आपली दुर्बीण देऊन टाकायला. कपाटात नुसती पडून होती, आणि तू तर तुझी रायफल विकताना बजावलं होतंस की त्या सामानातलं काहीही तुझ्या नजरेस पडता कामा नये. कर्नल होतेच. रेंज सांभाळणारे आपले कर्नल, जे सैन्यात एक दिवसही नव्हते आणि निव्वळ मिशांच्या जोरावर कर्नल झाले. मिशा आता पांढऱ्या झाल्या आहेत, हुद्दा तोच आहे. त्यांनी दुर्बीण हातात घेतली, उलटीसुलटी केली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ताई, द्यायची ती द्या, पण इतकी वर्षं या मातीत लोळलात, एक गोळी तरी मारून जा. क्लबची जुनी रायफल होती. मी आडवी पडले, गाल टेकवला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. मला वाटलं होतं धडकी भरेल, रडू येईल, तुझी आठवण येईल. आलं काय, तर हसू! अगं, पोटातून हसू आलं ते थांबेना. कर्नल घाबरून पाणी घेऊन आले. गोळी टार्गेटच्या डोक्यावरून मागच्या मातीच्या बांधात गेली होती, म्हणजे आनंद होण्यासारखं काही घडलंच नव्हतं. दुर्बीण तशीच बगलेत मारून मी घरी आले आणि भावोजींना म्हटलं, मला रायफल हवी. ते मुलांच्या गणिताच्या वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, घे की. संसारात मला इतक्या चटकन कुठलीच गोष्ट मिळालेली नाही.

पेटी उघडली तेव्हाचा तो वास तुला काय सांगायचा, नव्या पोलादाचा आणि तेलाचा. आधी बोल्ट मागे ओढून ती रिकामी आहे ना ते बघितलं, मग पुन्हा बघितलं, तू शिकवल्याप्रमाणे करंगळी आत घालूनही बघितलं. नवा बोल्ट कसा चालतो आठवतं ना, नव्या कुलपासारखा, अडत अडत. मी तो नुसता पुढेमागे करत बसले. आई खुर्चीत बसून बघत होती. तिला कानाचं नवं यंत्र आणलं आहे, पण ते ती स्वतःला सोयीचं असेल तेव्हाच लावते, आणि त्या दिवशी नेमकं लावलेलं होतं. तिने विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, कागदाला भोकं पाडायला. ती म्हणाली, मग तुझं शिवणयंत्र काय वाईट होतं? बाकी तिची तब्येत ठणठणीत आहे, तुझी चौकशी रोज करते, आणि मी उत्तर दिलं की यंत्र काढून ठेवते, कारण माझ्या उत्तराने तिचं समाधान होत नाही.

रायफलीवर नेमाचा स्कोप बसवायला मात्र आख्खी दुपार गेली. तू असतीस तर तासाभरात उरकलं असतंस. स्कोपमधली उभी रेघ अगदी सरळ उभी हवी, केसभर कलली तरी लांबच्या नेमाला गोळी बाजूला जाते, हे मला पाठ आहे. पण पाठ असणं आणि हाताने करणं यात मोठी नदी आहे. रायफल टेबलावर उशांमध्ये धरली, तिच्यावर पाणसळ ठेवली, आणि मागच्या दारातून अंगणाच्या टोकाला ओळंबा लावायचं ठरलं. ओळंबा म्हणजे सोफ्याच्या शिवणीचा माझा जाड दोरा आणि त्याच्या टोकाला एक मोठा नट. तो वाऱ्याने असा झुलायला लागला की रेघ जुळवायची कशाशी? शेवटी तुझ्या भावोजींचं गणित कामाला आलं. त्यांनी पाण्याची बादली आणली आणि नट त्या पाण्यात बुडवला. दोरा एकदम शांत, पट्टीने आखल्यासारखा. मग मी स्कोपला डोळा लावून रेघ दोऱ्याशी जुळवायची, एकेक स्क्रू आलटून पालटून थोडाथोडा आवळायचा, आणि दरवेळी आवळताना स्कोपने किंचित वळायचं. पुन्हा सैल करा, पुन्हा जुळवा. बोल्ट माझ्या एप्रनच्या खिशात होता, त्यामुळे त्या वेळी ती रायफल नव्हतीच, एक महागडा पाइप होता. तरी शेजारच्यांनी कुंपणावरून डोकावून विचारलंच की घराची भिंत कलली आहे का. तुझे भावोजी बादलीपाशी उभे होते. म्हणाले, भिंत ठीक आहे, बायको कलली आहे.

खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याची लांबी बसवली, गालाची उशी वर उचलली, स्कोप पुढेमागे करून डोळ्यापुढचं चित्र पूर्ण गोल दिसेल असं केलं, आणि हे सगळं केलं ते टेबलाशी, खुर्चीत बसून. आता तू कपाळावर हात मारला असशील. अगं, माणूस आडवा पडला की मान पुढे सरकते, हे मी कितीजणांना ऐकवलं असेल! रेंजवर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हटकायचे, आडवं पडून बघा, मग स्क्रू आवळा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पहिल्या दिवशी रेंजवर गेले, बोल्ट काढून आधी नळीतूनच टार्गेट बघितलं, काळं वर्तुळ नळीच्या भोकात मधोमध आणलं, मग रायफल जराही न हलवता स्कोपच्या रेघा त्याच वर्तुळावर आणल्या. तोपर्यंत सगळं तुझ्या पद्धतीने, अगदी शिस्तीत. मग आडवी पडले आणि पहिली गोळी झाडली. रायफल मागे आली आणि स्कोपच्या कडेने भुवईवर मस्त अर्धगोल उमटवला. रक्त नाकापर्यंत. पण बारके, गोळी कागदावर होती! पहिलीच, आणि कागदावर! कर्नल मलमपट्टी घेऊन आले ते इतके खुशीत की विचारू नकोस. म्हणाले, ताई, आता तुम्ही रेंजच्या झालात.

त्यानंतर नळी मुरवायला घेतली. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण लिहिताना मला मजा येते आहे, म्हणून निमूट ऐक. नव्या नळीच्या आत कातकामाचे बारीक ओरखडे राहिलेले असतात आणि पहिल्या गोळ्या त्यांच्यावर तांबं सोडून जातात. तेव्हा एक गोळी मारायची, नळी मागून पुसायची, कोरडी करायची, पुन्हा एक गोळी, पुन्हा पुसायची. कर्नलना हे सगळे नखरे वाटतात. नवी नळी काय नवा जोडा आहे का चावायला, असं म्हणतात. त्यांचं म्हणणं, गोळ्या मारत राहा, ती आपोआप सुधारते. असेलही. पण तू ते केल्याशिवाय कुठल्याच नळीला हात लावला नाहीस, आणि मी तुझ्याच तालमीत तयार झालेली. फडकी मी घरूनच कापून नेली होती, सगळी एका मापाची चौकोनी, भावोजींच्या जुन्या फलालीनच्या पायजम्याची. पायजमा जुना होता की नाही यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

पहिल्या गोळीनंतर तांबं विरघळवणाऱ्या औषधाचं ओलं फडकं नळीतून पलीकडे आलं ते गडद मोरपिशी! मी कधी बघितला नव्हता असं नाही, तुझ्या रायफलीचा तो रंग मी वर्षानुवर्षं बघितला आहे. पण तो माझ्या गोळीचा होता ना. मग दुसऱ्या गोळीनंतर पुन्हा मोरपिशी, मग जरा फिकट, मग नुसती कडेला निळसर झाक, मग राखाडी. तू तुझ्या पहिल्या नळीच्या वेळी काय केलं होतंस आठवतं? सगळी फडकी गवतावर ओळीने मांडली होतीस, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा ठेवला होतास, आणि कुणालाही बोलू देत नव्हतीस. मी भूक लागली म्हणाले तर डोळे वटारलेस. मला वाटायचं, ही पोरगी चिंध्यांकडे इतकं काय बघते, एखाद्या तान्ह्या बाळाची दुपटी असल्यासारखी. त्या दिवशी मीही तशीच ओळ मांडली, खडे ठेवले, आणि एका फडक्याला मोठ्याने शाबास म्हणाले. शेजारी दाताचे डॉक्टर सराव करत होते, त्यांनी वळून बघितलं. हो, तेच, जे प्रत्येक गोळीनंतर स्वतःशीच 'अरेरे' म्हणतात. अजूनही म्हणतात.

आणि मग, बारके, शंभर मीटरवर पाच गोळ्यांचा पहिला खरा गट. स्कोप मी तिथेच आडवं पडून पुढे सरकवून घेतला होता, भुवई आता सुरक्षित होती. नळी गार होऊ दिली. वारा पडला होता. पहिली मारली, जागा बघितली. दुसरी मारली आणि मला वाटलं गोळी कागदाला लागलीच नाही, कारण नवं भोक कुठे दिसेना. ती पहिलीच्याच भोकात गेली होती, कड जराशी फाटली होती एवढंच! तिसऱ्या गोळीआधी उठून बसले, पाणी प्यायले, स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा पडले. पाचही गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा. मी धावत कागद आणायला गेले, या वयात, त्या मोठ्या बुटांत. भावोजी गाडीत शब्दकोडं सोडवत बसले होते, त्यांच्या खिडकीवर कागद आपटला. घरी येऊन आईला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ निरखला आणि विचारलं, एकाच भोकासाठी पाच गोळ्या घातल्यास? आता तो फ्रिजच्या दारावर आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो दाखवते. पडदेवाल्या बाईंनासुद्धा दाखवला.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं, पण मी आता हवेत होते. पुढच्या वेळी थेट तीनशे मीटरवर गेले. उजवीकडून वारा होता, झेंडे कधी उचलत होते, कधी लोंबत होते. पाच गोळ्या मारल्या, एकेक अशी जपून, की मलाच माझं कौतुक वाटलं. मग मान वर करून बाजूला ठेवलेल्या दुर्बिणीतून टार्गेट बघितलं. कोरं! एक भोक नाही. मी आधी स्कोपला दोष दिला, मग काडतुसांना, मग भावोजींच्या बादलीला, नाचता येईना अंगण वाकडं. तेवढ्यात शेजारी दाताचे डॉक्टर उठून बसले आणि म्हणाले की आज काहीतरी अजब आहे, मी पाच मारल्या आणि कागदावर दहा आहेत. अगं, माझ्या पाचही गोळ्या त्यांच्या टार्गेटवर! त्यांच्या स्वतःच्या पाच चाळणीसारख्या पसरलेल्या, आणि वरच्या कोपऱ्यात माझ्या पाच एकमेकींना बिलगून बसलेल्या. सतरंजी नीट करताना मी जराशी वळले असणार. स्कोपच्या त्या एवढ्याशा गोलात सगळी टार्गेटं सारखीच दिसतात, आणि मी शेजारचं धरून बसले. डॉक्टर इतके चांगले, म्हणाले, राहू द्या ताई, हा कागद मी घरी माझा म्हणून लावतो. कर्नल हसून हसून खाली बसले. मीही हसले. पण गाडीत बसल्यावर हसू गेलं.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. मागे पडून मला सगळं दिसायचं गं. झेंडे, गवत, उन्हाने थरथरणारी हवा, शेजारची रांग, तुझ्या बुटाची सुटलेली नाडीसुद्धा. मला वाटायचं तुलाही ते सगळं दिसतं, तू फक्त माझ्याकडून खात्री करून घेतेस. आता रायफलीमागे पडल्यावर कळलं की तिथून काहीच दिसत नाही. एक गोल, एक काळा ठिपका, आणि आपलाच श्वास. तू माझ्या शब्दावर चाप ओढायचीस. मी डावीकडे दोन म्हणाले की डावीकडे दोन, मी थांब म्हणाले की बोट थांबलेलं. एकदाही 'नक्की का' म्हणून विचारलं नाहीस. इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकलेला नाही, तुझ्या भावोजींनीही नाही, ते तर मीठ घातलं का तेही चाखून बघतात. आणि जिने तो टाकला तिचा आवाज गेली दोन वर्षं मी फोनवर कसा ऐकते आहे? हवापाण्याचा, तुझ्या ऑफिसातल्या बंद पडलेल्या लिफ्टचा. मला तुझी आठवण येते, बारके. घरी तर येतेच, पण रेंजवर इतकी येते की मी मागे वळून बघते.

घाबरू नकोस, डाव्या खांद्याने शिक असं मी सांगणार नाही. तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, त्यात मीही होते. एकदा तू ती डाव्या खांद्याला लावलीस, दोन गोळ्या मारल्यास, बोल्ट काढून माझ्या हातात ठेवलास आणि गाडीत जाऊन बसलीस. ते उत्तर मला समजलं आहे. ही रायफल मी तुला परत आणण्याचं आमिष म्हणून घेतलेली नाही, ती माझी आहे आणि मला ती भयंकर आवडते, तुला मी ती पुसायलासुद्धा देणार नाही.

मग हे सगळं पुराण कशाला, असं तू मघापासून विचारते आहेस. तर ऐक. पुढच्या महिन्यात जोडीची स्पर्धा आहे, एकाने गोळी मारायची, दुसऱ्याने मागे पडून वारा सांगायचा. कर्नलनी विचारलं, ताई, तुमच्या मागे कोण? दाताचे डॉक्टर लगेच पुढे आले होते. मी म्हटलं, माझी बहीण. तुला न विचारता म्हटलं, म्हणून हे पत्र. तू काय म्हणशील तेही मला ठाऊक आहे, की एका डोळ्याची माणसं आता काय कामाची. पण दुर्बिणीला डोळा एकच लागतो, दुसरा मिटावा लागतो. मी इतकी वर्षं तुझ्या मागे पडून उजवा डोळा घट्ट मिटायचे आणि डाव्याने बघायचे. तू पुढे असायचीस, तुला ते कधी दिसलंच नाही. तुझ्याइतका वारा कुणाला कळतो? तू तर तो अंगावर झेलून गोळ्या मारल्या आहेस. मला तुझी गरज आहे, दया वगैरे काही नाही, मी एकटी पडले की शेजाऱ्याचे कागद फाडते. ये, माझ्या मागे आडवी पड, आणि मी तुला सांगायचे तसं मला सांग. मी गाल टेकवून, बोट चापावर ठेवून थांबीन. तू 'हां' म्हणाल्याशिवाय ओढणार नाही.

तुझीच, रायफलीमागे आडवी पडून कान मागे लावलेली,
ताई